एकास अठ्ठेचाळीस

वनखात्याच्या कार्य-आयोजना शाखेत नकाशानवीस म्हणून ज्याने उमेदीची चौतीस वर्षे काढली, आलापल्ली, सिरोंचा आणि ब्रह्मपुरीकडील कक्षांच्या सीमा ज्याने ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने पुन्हा पुन्हा गिरवल्या, आणि एका मैलास चार इंच, म्हणजे १:१५,८४० हे प्रमाण ज्याच्या डोळ्यांत इतके मुरले की समोरचा डोंगर पाहताना त्याला आधी त्याच्या समोच्च रेषा दिसू लागल्या, त्या माणसाला निवृत्तीनंतर १:४८ या प्रमाणात काम करावयास मिळणे हे केवढे भाग्य आहे, हे त्याच पेशातील माणसाला कळेल. नकाशावर झाड दिसत नाही, केवळ वनाचा रंग दिसतो. १:४८ मध्ये झाडाला फांद्या येतात, फांद्यांना पाने येतात, आणि पान सागाचे की ऐनाचे या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते.

लष्करी वाहनांच्या प्रतिकृती जोडण्याचा छंद मला पस्तिशीत लागला. अहमदनगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली उघडले, त्यानंतर मी तेथे तीन वेळा गेलो. रोल्स रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपाशी तासभर उभे राहून मी तिच्या खिळ्यांच्या रांगा वहीत उतरवून घेतल्या होत्या. घरातील काचेच्या कपाटात हळूहळू पलटण जमली. पण ही वाहने भूमीवाचून होती. लाकडी फळीवर जी उभी राहिली ती कुठल्याच देशात उभी नव्हती. ही उणीव मला फार दिवस जाणवत होती आणि ती कशी भरून काढावी हे सुचत नव्हते.

ते सुचवले शेजारच्या गल्लीतील एका निवृत्त गार्डसाहेबांनी. त्यांची सारी नोकरी छोट्या गाडीवर झालेली. आमच्या भागात अडीच फुटी रुळांवरून धावणाऱ्या गाडीला छोटी गाडीच म्हणत. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नागभीडमार्गे चांदा फोर्टपर्यंत आणि नागपूरहून नागभीडपर्यंत हे अरुंद लोहमार्ग टाकले. त्यांतला गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला, आणि १९०८ पासून चाललेली इतवारी-नागभीड गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. ती थांबली त्या आठवड्यात गार्डसाहेब संध्याकाळी माझ्याकडे आले, कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "बाबूजी, तुमच्याजवळ लष्कर आहे, माझ्याजवळ गाडी आहे. दोन्ही एका पाटीवर आणू या." युद्धकाळातील एखाद्या जंगली स्थानकाचा देखावा करावा, त्यात त्यांची गाडी आणि माझी वाहने असावीत, अशी तजवीज त्याच रात्री ठरली. देखावा हा शब्द आम्ही गणेशोत्सवातून घेतला. त्याहून नेमका शब्द मला आजही माहीत नाही.

पहिला आराखडा मी चार दिवसांत काढला, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. मालगाडीच्या सपाट वाघिणीवर व्हॅलेंटाइन रणगाडा साखळदंडांनी जखडलेला, पुढे धूर सोडणारे इंजिन, फलाटाकडेला उन्हात उभे शिपाई, आणि रस्त्यावर धूळ उडवीत येणारा ट्रकांचा ताफा, असे ते चित्र होते. गार्डसाहेबांनी कागद पाहिला आणि रणगाड्यावर बोट ठेवले. "याचं वजन किती?" मी सांगितले, सोळा टनांच्या वर. त्यांनी त्यावर काही युक्तिवाद केला नाही, केवळ बार्शी लाईट रेल्वेचे उदाहरण दिले. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली सुरू झालेला तो अडीच फुटी मार्ग आखताना प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ नये हे सूत्र ठरवले होते. चार आसांच्या वाघिणीचा स्वतःच्या वजनासह एकंदर भार म्हणजे वीस टन. त्यातून वाघिणीचे वजन वजा केले की रणगाड्याला जागा उरत नाही. शिवाय रणगाड्याची रुंदी अडीच मीटरांहून जास्त. तो वाघिणीच्या दोन्ही कडांबाहेर डोकावला असता. ज्या रुळांवर आपण आयुष्य काढले त्यांवर जे कधी चढू शकले नसते ते केवळ शोभेसाठी चढवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते मला पूर्णपणे पटले. रणगाडा कपाटात परत गेला.

मग प्रमाणाचा प्रश्न आला. हा प्रश्न वरवर रुक्ष वाटतो, पण संपूर्ण देखाव्याचा पाया तोच असतो. लष्करी प्रतिकृती बहुधा १:३५ आणि १:७२ या प्रमाणांत मिळतात. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा, रूळ १:३५ मध्ये २१.८ मिलिमीटर होतो, आणि तसा तयार रूळ बाजारात नाही. १:७२ मध्ये तो १०.६ होतो, तयार मिळणारे रूळ एक तर ९ चे, म्हणजे खऱ्या मापात ६४८ मिलिमीटर, किंवा १२ चे, म्हणजे ८६४. एक अकरा सेंटिमीटर अरुंद, दुसरा दहा सेंटिमीटर रुंद. १:४८ मध्ये मात्र १५.९ मिलिमीटर लागतात आणि सर्वत्र मिळणारा १६.५ चा रूळ खऱ्या मापात ७९२ भरतो. अवघ्या तीन सेंटिमीटरांचा फरक. तो माझ्या डोळ्याला दिसत नाही आणि गार्डसाहेबांच्या मनालाही खुपला नाही. जपानच्या तामिया आणि इंग्लंडच्या एअरफिक्स या कंपन्या याच प्रमाणात काही वाहने काढतात, त्यामुळे लष्करही या मापात बसले. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात घडलेल्या 'सीसी' वर्गाच्या इंजिनाची तयार प्रतिकृती मात्र कुठेच मिळत नाही; ते पत्र्यात आणि प्लॅस्टिकच्या तक्त्यांत घडवावयाचे, आणि त्यासाठी नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरोगेज संग्रहालयात दोघांनी दोन दिवस मापे घेत काढले.

आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद पाटी या प्रमाणात ११७ मीटर बाय २९ मीटर होते. एवढ्या जागेत इंजिन, पाच वाघिणी, गार्डाचा डबा, एक बगल-रूळ, लाकडाची थप्पी आणि रस्त्याची एक कड मावते. पूर्ण स्थानक मावत नाही. म्हणून स्थानकाची इमारत अर्धी ठेवावी, तिची भिंत पाटीच्या काठाशी तुटलेली दिसू द्यावी, असे ठरले. स्थानकाला नाव दिले नाही. सिंदेवाही आणि राजोली यांच्या दरम्यानच्या मुलखाची माती, झाडी आणि उतार मी घेतले, पण गावाचे नाव लिहिले असते तर तेथील प्रत्येक विहिरीचा आणि पिंपळाचा हिशेब द्यावा लागला असता, आणि ज्याने आयुष्यभर हिशेबाने नकाशे काढले त्याला तो हिशेब अर्धवट सोडवला नसता.

चांद्याच्या जंगलात युद्ध आले ते तोफेच्या आवाजाने आले नाही. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि मे महिन्यापर्यंत ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला. त्याबरोबर ब्रह्मी साग मिळेनासा झाला. जहाजांच्या तक्तपोशीपासून रेल्वेच्या वाघिणींपर्यंत जे जे सागात होत असे, त्याचा भार हिंदुस्थानातील सागवनांवर येऊन पडला. माझ्या खात्यातील जुने लोक आपल्या वडिलांकडून ऐकलेली त्या वर्षांची हकीकत सांगत, ती तगाद्याची असे. तिकडे रूळसुद्धा युद्धावर गेले होते. कांगडा खोऱ्यातील नगरोटा ते जोगिंदरनगर हा आमच्यासारखाच अडीच फुटी मार्ग १९४२ मध्ये उखडला गेला आणि १९५४ मध्ये पुन्हा घातला गेला. तेव्हा अरुंद गाडी आणि युद्ध यांचा संबंध जोडण्यासाठी मला रणगाड्याची गरजच नव्हती. वाघिणीवर सागाचे ओंडके असले, त्यांच्या तोंडावर खात्याच्या हातोड्याची खूण असली, आणि प्रवासी गाडीला थांबवून त्या मालगाडीला आधी वाट दिलेली असली, म्हणजे युद्ध पाटीवर उतरले. हे कळावयास मला दोन महिने लागले.

एक मोह मात्र बराच काळ राहिला. युद्धकाळात हिंदुस्थानात तयार झालेली चाकांची चिलखती गाडी, जिला लोक टाटानगर म्हणत, तिचा सांगाडा कॅनडातील फोर्डचा, पोलाद टाटांचे आणि जोडणी रेल्वेच्या कारखान्यांतील. अशा साडेचार हजारांवर गाड्या निघाल्या. रेल्वे आणि लष्कर यांचा असा संगम दुसरा कुठला असणार! मी तिचे चारही बाजूंचे आरेखन पूर्ण केले होते. पण चांद्याच्या जंगलातल्या बैलगाडीच्या वाटेवर तिला उभी करावयास माझ्याकडे कुठलाच आधार नव्हता, आणि आधारावाचून केवळ आवडीखातर ठेवलेली वस्तू शेजारच्या खऱ्या वस्तूंनाही खोटे पाडते. तिचे कागद मी गुंडाळून दप्तरात ठेवले. त्याच न्यायाने लाकूड ओढणारे हत्तीही गेले. कमलापूरचा हत्तीतळ आज सर्वांना ठाऊक आहे, पण तो नंतरच्या काळातला. पाटीवर लष्कराचा म्हणून ताडपत्री बांधलेला एक ट्रक उरला, आणि त्याच्याभोवती सहा शिपाई.

या अवस्थेत आराखडा असताना माझ्या पत्नीच्या मावशी दिवाळीला आमच्याकडे आल्या. मावशी चिमूरच्या. १९४२ साली त्या आठ वर्षांच्या होत्या. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात मोर्चा निघाला, गोळी चालली, बालाजी रायपूरकर हा तरुण पडला, आणि खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अंमलदार मारले गेले. तीन दिवसांनी, १९ तारखेला, गोऱ्या सैनिकांची फौज गावात शिरली आणि तिने घराघरांत जे केले, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना त्याच महिन्यात चांद्यास अटक झाली. हा सर्व इतिहास मी वाचला होता. मावशींच्या तोंडून मात्र तो कधीच निघाला नव्हता, आणि आम्हीही विचारला नव्हता.

त्या पाटीपाशी आल्या, चष्मा सरसावून खाली वाकल्या. कच्ची मांडणी झालेली होती. कोरड्या मुरमाचा थर, उन्हाने पिवळे पडलेले गवत, बैलगाड्यांची रांग, आणि ट्रकाभोवती ते सहा शिपाई. मावशींनी शिपायांकडे पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले, आणि विचारले, "जावईबापू, हे कोणत्या दिवसांतलं जी?" मी म्हटले, "बेचाळीसचा ऑगस्ट." त्या म्हणाल्या, "मग पाऊस कुठी आहे? तेव्हा तर चिखल होता. आईनं दिंड उकडले होते, अन् आम्ही तसेच टाकून शेताकडे निघालो, तं माझा पाय चिखलात रुतला. आईनं हात धरून ओढलं." एवढे बोलून त्या थांबल्या. थोड्या वेळाने त्यांनी एक शिपाई दोन बोटांत उचलला, उलटसुलट करून पाहिला, जेथे होता तेथेच ठेवला, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्या रात्री मी सहाही शिपाई काढले. चिमूरचा प्रसंग दाखवण्याचा माझा विचार कधीच नव्हता; ज्या घरांत तो घडला त्यांना अठ्ठेचाळिसावा अंश करून बैठकीत मांडणे मला शक्य नाही. पण त्या ऑगस्टमधला, त्या जिल्ह्यातला रस्ता दाखवताना शिपाई उन्हात मोकळे उभे करणे म्हणजे तो प्रसंग घडलाच नाही असे दाखवणे होय. ट्रक मी राहू दिला. त्याची ताडपत्री मागूनही बांधली, आत कोण आहे ते दिसू नये अशी, आणि त्याचे तोंड स्थानकाकडून फिरवून पाटीबाहेर जाणाऱ्या वाटेकडे केले. गार्डसाहेबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली. पुढे या विषयावर आमचे बोलणे झाले नाही.

पाऊस मात्र आणावयाचा होता, आणि पाऊस आणणे म्हणजे नवी पाटी करणे. वनखात्यात आयुष्य काढूनही माझ्या पहिल्या आराखड्यात ही चूक राहिली याचे मला दुःख झाले, कारण पावसाळ्यात कूपातली, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या वनभागातली, तोड बंद असते आणि काळ्या मातीच्या वाटांवर ओंडक्यांनी भरलेली बैलगाडी चालत नाही, हे मला दुसऱ्या कोणी सांगावयास नको होते. उन्हाळ्यात आलेला माल थप्पीला लागलेला असतो. ऑगस्टमध्ये तो थप्पीतून वाघिणीत चढतो, जंगलातून येत नाही. तेव्हा थप्पी राहिली, हमाल राहिले, बैलगाड्या गेल्या. ओंडके ओले करावयाचे म्हणून त्यांच्या तोंडांवर गडद तपकिरी रंग, वर पातळ व्हार्निश. मुरूम गेला, त्या जागी गाळलेली माती आणि डिंक यांचा लगदा आला, आणि तो ओला असतानाच ट्रकाची चाके त्यावरून एकदाच, मागे न घेता, फिरवावयाची होती. मी ती सकाळी सहा वाजता फिरवली, हात स्थिर असतो म्हणून.

सागाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. सागाचे पान हातभर वाढते. १:४८ मध्येही ते सहा ते बारा मिलिमीटरांचे राहते, म्हणजे बाजारात मिळणारा हिरवा भुसा फांदीवर शिंपडून साग होत नाही. प्रत्येक पान कागदातून कापावे लागते, मधली शीर सुईने दाबावी लागते, आणि खालची बाजू किंचित फिकट ठेवावी लागते. एका झाडाला मी तीनशे पाने लावली आणि झाड विरळ वाटले. सहाशेला ते भरले. पाटीवर अशी नऊ झाडे आहेत. आता पावसाळा म्हटला की साग फुलतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या सागाच्या शेंड्यांवर मळकट पांढऱ्या फुलोऱ्याचे तुरे येतात, आणि टेकडीवरून पाहिले तर हिरव्या वनावर ताकाचा शिंतोडा पडल्यासारखे दिसते. तो फुलोरा मी आधी बारीक रव्याने केला. एका पंधरवड्यात मुंग्यांनी दोन झाडांचे शेंडे साफ केले. मग सागाचाच भुसा कापडातून गाळून, चुन्याच्या निवळीत भिजवून, वाळवून लावला. तो टिकला आहे, आणि त्याचा रंग रव्याहून अधिक खरा आहे.

बैलगाड्या गेल्या तेव्हा बैलांचे काय, हा प्रश्न उरला. हे बैल तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी नंदी करणाऱ्या आमच्या पेठेतील एका वृद्ध सुतारांनी घडवले होते. त्यांची बोटे एरवी वीतभर उंचीच्या बैलाला सरावलेली. पंचवीस मिलिमीटरांचा बैल करावयास त्यांना आधी अवघड गेले, पण चार जोड्या केल्या त्या अशा की वशिंडाचा उठाव आणि मानेखालची पोळी बोटाला जाणवते. त्यांना बाहेर ठेवणे मला शक्य नव्हते. आणि ऑगस्टमध्ये सिंदेवाहीकडचा बैल कुठे असतो? तो धानाच्या बांधीत असतो. रुळाच्या पलीकडे, जेथे मी आधी पिवळे गवत लावले होते, तेथे आता बांधी आली. अर्धी रोवलेली, अर्ध्या भागात चिखलणी चाललेली, आणि मधल्या बांधावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या. फूटभर चौरस बांधीत चार मिलिमीटरांच्या अंतराने रोप लावावयाचे तर साडेपाच हजारांच्या वर जुड्या होतात. रंगाच्या जाड ब्रशाचे केस कापून, हिरवे रंगवून, चिमट्याने रोवले. अर्धी बांधी रोवायची होती म्हणून त्याच्या निम्मेच झाले, आणि त्याला सव्वा महिना लागला. रोवणी करणाऱ्या सात बायका कमरेत वाकलेल्या आहेत. मालगाडी जात असताना त्यांच्यातली एकही वर पाहत नाही. ही सूचना मावशींची. रोवणीत कोणी गाडी पाहत बसत नाही, असे त्या म्हणाल्या होत्या.

चिखलणीचा बैल गुडघाभर चिखलात असतो. मी सुतारांकडे दोन जोड्या घेऊन गेलो आणि पाय आठ मिलिमीटर कापून द्यावेत, म्हणजे ते चिखलावर टेकवून बसवता येतील, असे म्हटले. लष्करी वाहनांच्या बाबतीत आपण असेच करतो. रुतलेले चाक खालून कापतो आणि वर चिखल लावतो. सुतारांनी बैल तळहातावर घेतला, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"पोळ्याच्या बैलाचे पाय तोडत नाही जी आमी. तुमी पाटीले भोकं पाडा. पाय खाली जाऊ द्या."

घरी येऊन मी छेद-नकाशा पुन्हा काढला. बांधीचा तळ मूळ आराखड्याहून दहा मिलिमीटर खाली घेतला, त्यासाठी पाटीखालची चौकट वाढवली, आणि एकेका पायासाठी एक अशी सोळा भोके तीन मिलिमीटरच्या गिरमिटाने पाडली. चिखलाचे रेझिन तीन थरांत ओतले, प्रत्येक थर एक दिवस वाळू दिला. वरून पाहणाऱ्याला बैल गुडघ्यापर्यंतच दिसतात. नकाशाच्या कोपऱ्यात, जेथे दुरुस्त्यांची नोंद करण्याचा आमच्या शाखेचा शिरस्ता होता, तेथे मी तारीख घालून लिहिले: बांधीची खोली वाढविली, बैलांचे पाय पूर्ण.